ग्राहक सांभाळणारी माणसे निवडताना आणि टिकवताना

जळगावात बसून व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या माझ्यासारख्या छोट्या उद्योजकाला प्रोग्रॅमर मिळणे आता फारसे अवघड राहिलेले नाही, कारण जळगाव, धुळे आणि शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी होतकरू मुले-मुली बाहेर पडतात. सॉफ्टवेअर विकले गेल्यानंतर ग्राहकाच्या पाठीशी उभे राहणारे माणूस मिळणे आणि मिळाल्यावर ते टिकणे, हे मात्र अवघड आहे. आमच्या क्षेत्रात ज्याला कस्टमर सक्सेस म्हणतात ते काम तक्रारीचा फोन उचलण्यापुरते नसते. डाळमिलच्या मुनीमजींचा जुना हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणणे, सुरुवातीची शिल्लक पै-पैशाने जुळवून देणे, कोणती सोय ते वापरतच नाहीत हे पाहून आपणहून फोन करणे, आणि रिन्यूअलची, म्हणजे वर्षाची वर्गणी पुन्हा भरण्याची, तारीख येईपर्यंत ‘यंदा नको’ म्हणायला कारण उरू न देणे, हे सगळे त्यात येते.

वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या धंद्यात या माणसांवर किती अवलंबून असते, हे साध्या हिशेबाने कळते. दरमहा शंभरातले २ ग्राहक सोडून गेले तर ते किरकोळ वाटते, पण तोच वेग बारा महिने राहिला तर जुन्या शंभरांपैकी सुमारे ७८ उरतात, आणि दरमहा ३ टक्के गेले तर ६९. विक्रीच्या माणसांनी वर्षभर पायपीट करून आणलेले नवे ग्राहक मग ही तूट भरण्यातच खर्ची पडतात.

निवडीबाबत माझे मत ठाम आहे. संगणकाची पदवी असलेल्या पण बाजार न पाहिलेल्या उमेदवारापेक्षा, अडतीच्या पेढीवर, सराफी दुकानात किंवा कर सल्लागाराकडे दोन-तीन वर्षे काढलेले माणूस मी आधी घेईन. सॉफ्टवेअर शिकवता येते. ऐन गर्दीत बिल अडले की गल्ल्यावरच्या माणसाच्या जिवाची काय घालमेल होते, ते वर्गात शिकवता येत नाही. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळीवर, नग २५ किलोपर्यंतचा असेल तर ५ टक्के जीएसटी लागू झाला आणि त्याहून मोठी गोणी करमुक्त राहिली. एकाच तूरडाळीचे २५ किलोचे आणि ३० किलोचे असे दोन वेगळे माल सॉफ्टवेअरमध्ये का करायचे, हे समजावून सांगायला कायद्याच्या पुस्तकापेक्षा गोदाम पाहिलेले माणूस लागते. सोन्याचेही तसेच आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसेल तर तो विकता येत नाही, त्यामुळे केवळ वजनावर साठा मोजणाऱ्या सराफाला प्रत्येक नग वेगळा नोंदवणे भाग पडले. जी मुलगी स्वतः सराफाकडे काऊंटरवर उभी राहिलेली आहे, ती हा बदल ग्राहकाच्या सवयीला धरून सांगते.

मुलाखतीत मी व्याख्या विचारत नाही. उमेदवारासमोर एक उलटे झालेले बिल ठेवतो, ज्यात २५ किलोच्या गोणीवर कर लागलेला नाही आणि ३० किलोच्या गोणीवर लागला आहे, आणि शेजारच्या खोलीतून आमचाच एक सहकारी चिडलेला ग्राहक होऊन फोन करतो. उत्तर बरोबर येते की नाही याकडे माझे लक्ष दुसऱ्या क्रमाने असते. आधी पाहतो ते हे, की समोरच्याचे बोलणे पूर्ण होऊ दिले का, ‘नाना, ती गोणी लेबल लावलेली आहे का?’ असा नेमका प्रश्न विचारला का, आणि माहीत नसेल तेव्हा ‘तासाभरात विचारून सांगतो’ असे स्वच्छ सांगितले का. थापा मारणारा उमेदवार कितीही गोड बोलत असला तरी मी घेत नाही, कारण एकदा खोटे पडलेले सॉफ्टवेअर व्यापारी पुन्हा जवळ करत नाही.

भाषेचा मुद्दा आमच्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. अमळनेर-धुळ्याकडचा दुकानदार अहिराणीत मोकळा होतो, रावेर-यावलचा केळीचा व्यापारी लेवा बोलीत, आणि बाजारपेठेतल्या अनेक पेढ्यांवर हिंदी किंवा मारवाडी चालते. ‘कसं काय शे, भाऊ?’ एवढ्या एका वाक्याने सुरू झालेला फोन निम्मी अडचण आपोआप सांगून टाकतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता टिकण्याविषयी. पगार हा पहिला मुद्दा आहेच आणि तो टाळून बाकीचे बोलण्यात अर्थ नाही. पूर्वी पुण्याला जायचे तर घर सोडावे लागे. २०२० नंतर घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करता येते, त्यामुळे ‘गावात राहायला मिळते’ हे कमी पगाराचे समर्थन होऊ शकत नाही. भुसावळहून रोज रेल्वेने अपडाऊन करणाऱ्या, लग्नानंतर किंवा मुले शाळेत गेल्यावर पुन्हा कामाला लागलेल्या ताई या कामात अतिशय सरस ठरतात. त्यांना गाव सोडता येत नाही म्हणून त्यांना कमी द्यायचे, हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो, आणि धंद्याच्या दृष्टीनेही तो घातक आहे.

तरीही सोडून जाणाऱ्यांशी बोलल्यावर पगाराइतकेच वरचेवर ऐकू येणारे कारण वेगळे आहे: दुसऱ्याने दिलेला शब्द निभावताना होणारी ओढाताण. विक्री करणारा ‘हो, होऊन जाईल’ म्हणून मोकळा होतो, त्याचे कमिशन त्याच महिन्यात जमा होते, आणि न झालेल्या कामासाठी पुढचे वर्षभर बोलणी खावी लागतात ती ग्राहक सांभाळणाऱ्याला. यावर समुपदेशन, सहल किंवा वाढदिवसाचा केक हा उपाय नव्हे. अधिकार हा उपाय आहे. आमच्याकडे सौदा ठरण्यापूर्वीच्या शेवटच्या डेमोला पुढे तो ग्राहक सांभाळणारी व्यक्ती हजर असते, कबूल केलेली प्रत्येक गोष्ट तिच्यासमोर लिहिली जाते, आणि तिने ‘हे आपल्याकडे होत नाही’ म्हटले तर तो शब्द दिला जात नाही. विक्रीचे निम्मे कमिशन ग्राहकाची पहिली तीन महिन्यांची घडी बसल्यावर मिळते. विक्रीच्या मुलांना हे सुरुवातीला जड गेले, पण त्यांचे पुढचे ग्राहक जुन्या ग्राहकांच्या शिफारशीनेच येतात, हे त्यांनाही आता दिसते.

दुसरी गोष्ट कामाच्या वेळापत्रकाची. दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाची) मुदत ११ तारखेला आणि ३बी ची (कर भरण्याच्या गोषवाऱ्याची) २० तारखेला असते, तेव्हा त्याआधीचे दोन दिवस फोन खाली ठेवता येत नाही. त्या दिवसांत आम्ही सॉफ्टवेअरमध्ये कोणताही नवा बदल सोडत नाही, मग प्रोग्रॅमर कितीही उतावीळ असोत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, ठिबकच्या साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि ठिबकचे माहेरघर असलेल्या या जिल्ह्यात त्या आठवड्यात आमच्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अशा आठवड्यानंतरची बदली रजा मागावी लागू नये, ती आधीच लावून द्यावी. शिवाय बहुतेक व्यापारी एप्रिलमध्ये सॉफ्टवेअर घेतात, म्हणून रिन्यूअल, नव्या वर्षाची बिलमालिका आणि शिल्लक पुढे ओढणे हे सगळे एकाच महिन्यात कोसळते. थोडी सवलत देऊन काही ग्राहकांचे रिन्यूअल जुलै आणि ऑक्टोबरकडे सरकवले की एप्रिल सुसह्य होतो.

पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर छोट्या कंपनीत सर्वांत कठीण असते. प्रत्येकाला मॅनेजर करता येत नाही, आणि अनेकांना व्हायचेही नसते. ज्यांचा व्यापाराचा अभ्यास सखोल आहे त्यांना सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय करायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत कायमची जागा द्यावी आणि पगाराची श्रेणी वरिष्ठ प्रोग्रॅमरच्या बरोबरीने ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या सराफी सॉफ्टवेअरमधली मोडीच्या, म्हणजे ग्राहकाने मोडीत दिलेल्या जुन्या, सोन्याची नोंद आज जशी आहे, तशी ती अशाच एका ताईंनी सुचवली. प्रोग्रॅमरांनी ती केवळ लिहिली. आता त्या फोनवर कमी आणि त्या बैठकीत जास्त असतात, आणि त्यांच्या ग्राहकांची जबाबदारी घेण्यासाठी आम्ही पेढीचा अनुभव असलेले माणूस शोधत आहोत.