इंजिनाचे छत पाहणारी माणसे

रेल्वे स्थानकाच्या पादचारी पुलावर कठड्याशी उभे राहून खाली वाकून पाहणारा माणूस दिसला, की तो गाडीची वाट पाहत असावा असे आपण गृहीत धरतो. पण त्याच्याजवळ सामान नसेल, गाडी फलाटाला लागली तरी तो जागचा हलत नसेल आणि डब्यांकडे ढुंकूनही न पाहता केवळ इंजिनाच्या छताचे फोटो काढत असेल, तर त्याच्या घरी एखाद्या टेबलावर त्याच इंजिनाची वीतभर लांबीची प्रतिकृती अर्धवट अवस्थेत पडली आहे, असे खुशाल समजावे.

छतच का, याचे कारण सरळ आहे. खरे इंजिन आपण आयुष्यभर खालून पाहतो. फलाटावरून चाके, पायऱ्या, केबिनच्या खिडक्या आणि फार तर हेडलाइट एवढेच नजरेच्या टप्प्यात येते. मॉडेल मात्र टेबलावर असते आणि आपण त्याच्याकडे वरून पाहतो, त्यामुळे मूळ इंजिनाचा जो भाग कोणी पाहत नाही, तोच प्रतिकृतीत सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. रेडिएटरच्या पंख्यावरची जाळी नेमकी कुठे आहे, धुराड्याच्या मागे काजळीचा पट्टा किती लांबवर गेला आहे, हॉर्न केबिनच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या, विद्युत इंजिन असेल तर तारेतून वीज घेणाऱ्या पॅन्टोग्राफच्या पायथ्याशी इन्सुलेटर किती आणि त्यांचा रंग कोणता, हे प्रश्न प्रवाशाला पडत नाहीत. मॉडेल करणाऱ्याला मात्र यांतल्या एकाचेही उत्तर मिळाले नाही तर काम थांबवावे लागते. स्थानकावरच्या पोलिसाला हे समजावून सांगणे अवघड जाते. अमुक एका इंजिनाच्या टपावरचा पंखा पाहायला आलो आहे, या खुलाशाने संशय कमी होण्याऐवजी वाढतोच.

प्रमाणाचे गणितही मोठे गमतीचे आहे. या छंदात जगभर सर्वांत रुळलेले प्रमाण एच-ओ, म्हणजे मूळ वस्तूच्या 87व्या हिश्शाएवढी प्रतिकृती. आपल्याकडे अनेक दशके डोंगर-माळ तुडवणारे डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन 17 मीटर 12 सेंटिमीटर लांब असते. या प्रमाणात ते 20 सेंटिमीटरांपेक्षाही किंचित कमी भरते. लांबीपाठोपाठ रुंदी आणि उंचीही 87 पटींनी घटत असल्यामुळे वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी व्हायला हवे, म्हणजे 112.8 टनांच्या इंजिनाची प्रतिकृती 171 ग्रॅमची व्हायला हवी. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके रुळावर नुसती गरगरतील आणि मागचे डबे जागेवरच राहतील, म्हणून आत धातूचे वजन ठेवावेच लागते. सर्वांत वाईट अवस्था वळणांची होते. ब्रॉडगेजवरच्या तीव्रात तीव्र वळणाची त्रिज्या साधारणपणे 175 मीटर धरतात; प्रमाणात ती दोन मीटर येते, म्हणजे गाडीला पुरा फेरा घ्यायचा तर चार मीटर रुंदीची खोली तेवढ्यासाठी मोकळी हवी. पुण्या-मुंबईच्या घरांत हे शक्य नाही, म्हणून मंडळी 36 सेंटिमीटर त्रिज्येचे तयार रूळ आणतात आणि जे वळण खऱ्या इंजिनाला कधीच घेता आले नसते, ते छोट्या इंजिनाला दिवसभर घ्यायला लावतात.

भारतीय इंजिनांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती एकदा लक्षात आली की विसरता येत नाही. एच-ओचे रूळ एकमेकांपासून 16.5 मिलिमीटर अंतरावर असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरांचा; त्याला या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर लागते. पण रूळ, सांधे, तयार चाके असे सगळे बाजारात मिळते ते 16.5च्या मापाचे. परिणामी आपल्याकडची बहुतेक मॉडेले बाजूने पाहिली तर हुबेहूब दिसतात आणि समोरून पाहिली तर पाय जवळ घेऊन अवघडून उभी राहिल्यासारखी वाटतात. इंग्लंडमधल्या मंडळींनी हे दुखणे फार पूर्वीपासून सोसले आहे. त्यांची इंजिने अंगाने लहान, एच-ओ प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळच्या विजेच्या मोटरी बसेनात, म्हणून त्यांनी इंजिन 76व्या हिश्शाएवढे मोठे केले आणि रूळ मात्र होते तेच ठेवले. त्यामुळे तिकडची मॉडेलेही अरुंद रुळांवर उभी असतात, आणि याची हळहळ वाटणारी माणसे तिथेही आहेत.

छंद अंगात मुरला, की माणूस एका वेगळ्याच मुद्द्यावर येऊन ठेपतो. सुरुवातीला त्याला ‘डब्ल्यूडीएम-2’ करायचे असते. पण अशी अडीच हजारांहून अधिक इंजिने बनली आणि ती एकमेकांसारखी नव्हती. पहिली इंजिने 1962 साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली आणि 1964पासून वाराणसीच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. मधल्या काळात काहींचे पुढचे आखूड नाक पूर्ण रुंदीचे करून त्याला मोठ्या काचा बसवल्या. त्या इंजिनांना रेल्वेतली माणसे ‘जंबो’ म्हणत. प्रत्येक लोको शेडची रंगसंगती निराळी, तीही दर काही वर्षांनी बदलणारी. तेव्हा नुसते डब्ल्यूडीएम-2 करतो म्हटल्याने काहीच ठरत नाही. कोणत्या नंबराचे, कोणत्या शेडचे आणि कोणत्या साली दिसले होते तसे, एवढे सांगितल्यावरच हातात रंगाचा ब्रश घेता येतो. माझ्या मते या छंदाचे खरे मर्म इथे आहे. मॉडेल इंजिनाच्या जातीचे होऊच शकत नाही. ते एका इंजिनाचे आणि त्याच्या आयुष्यातल्या एका दिवसाचे असते.

माझ्या एका स्नेह्यांनी पुणे शेडचे असे एक इंजिन करायला घेतले होते. डबा भरून फोटो जमवले होते. बाजूवरचे नंबर आणि शेडचे नाव यांचे डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरे, स्वतः छापून घेतले होते. मूळ इंजिनावरचे वीस सेंटिमीटरांचे अक्षर या प्रमाणात सव्वादोन मिलिमीटरांचे होते, आणि एवढ्या आकारात ‘पुणे’ या शब्दाचा उकार आणि मात्रा शाबूत ठेवणे हे काय प्रकरण आहे, ते भिंग लावून चिमट्याने डिकॅल सरकवणाऱ्यालाच ठाऊक. एवढे करूनही त्यांनी ते मूळ इंजिन प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. पुढे एकदा कर्जतला गाडी थांबली असता शेजारच्या मार्गावर तोच नंबर उभा असलेला त्यांना दिसला आणि ते चहाचा कप तसाच हातात धरून उतरले. लोको पायलटने खिडकीतून विचारले, “काय हो काका, काय झालं? काही गळतंय का?” यांनी सांगितले, “नाही हो, नंबर बघतोय. हे इंजिन माझ्याकडे आहे.” त्यावर तो माणूस क्षणभर विचारात पडला आणि मग म्हणाला, “मग घेऊन जा, सकाळपासून त्रास देतंय.”

नंबर जुळल्यावर होणारा हा आनंद बाहेरच्याला समजणे कठीण आहे, कारण त्याच्या लेखी इंजिन म्हणजे गाडी ओढणारे यंत्र, आज हे तर उद्या दुसरे. पण ज्याने त्या इंजिनाचा प्रत्येक कठडा बारीक तारेतून वाकवून बसवला आहे, तो खऱ्या इंजिनापाशी उभा राहिला की आधी फरक शोधतो. बॅटरीच्या पेटीचे झाकण बदललेले दिसते. डिझेलच्या टाकीला पूर्वी नसलेला पोचा आलेला दिसतो. बोगीवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, ब्रेकची तांबूस-तपकिरी धूळ आपण दिली त्याहून बरीच जास्त आणि खालच्या अंगाला जमलेली दिसते. इतक्या जवळून इंजिन पाहणारा माणूस शेडमधल्या फिटरखेरीज दुसरा कोणी नसावा.

काही वेळा मॉडेल एका देशाचे असते आणि त्याचा मूळ अवतार पाहताना दुसऱ्याच देशातले नातलग आठवतात. स्वित्झर्लंडच्या गोथार्ड मार्गासाठी 1919 ते 1922 या काळात मालगाड्या ओढणारी विद्युत इंजिने बनली. मधोमध केबिन, पुढे-मागे लांबट नाके, तिन्ही भाग एकमेकांना सांध्यांनी जोडलेले, त्यामुळे वळणावर इंजिनच वाकल्यासारखे दिसे. लोकांनी त्यांना ‘मगर’ म्हटले. जर्मनीच्या मॅर्कलिन कंपनीने 1930च्या दशकातच या मगरीची खेळण्यातली आवृत्ती काढली आणि ती इतकी गाजली, की गोथार्डचा घाट कधीही न पाहिलेल्या मुलांनाही ते इंजिन पाठ झाले. आता आपल्याकडे पाहा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1500 व्होल्ट डीसीवर पुणे आणि इगतपुरीपर्यंत वीज नेली, तेव्हा घाटासाठी जी 41 मालगाडी इंजिने घेतली, त्यांचा आराखडाही तसाच तीन तुकड्यांचा, सांध्यांत वाकणारा होता. त्यांतली काही स्वित्झर्लंडच्या विंटरथुरला, बाकीची इंग्लंडमध्ये बांधली गेली. आपल्या माणसांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. भोर घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणजे हजाराला 27; गोथार्डचाही चढ जवळपास तेवढाच. चढ सारखा, वळणे सारखी, तेव्हा दोन्हीकडच्या इंजिनांचे रूप जुळले यात नवल नाही. एक खेकडा आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, नंबर 4502, नाव मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे. ज्याने लहानपणी स्विस मगर टेबलावर फिरवली आहे, तो या खेकड्यापाशी आला की आधी चाकांना जोडणाऱ्या दांड्यांकडे पाहतो, कारण मगरीचे सगळे सौंदर्य तिच्या दांड्यांत आहे.

उलटा प्रकारही घडतो: मॉडेल शिल्लक आणि मूळ इंजिन बंद. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक कंपनीची ‘बिग बॉय’ ही 25 अवाढव्य वाफेची इंजिने 1941 ते 1944 या काळात बांधली गेली. बांधणारी कंपनी अल्कोच, जिने पुढे आपल्याला डब्ल्यूडीएम-2 दिले. 1950च्या दशकाच्या अखेरीस ती सेवेतून गेली आणि त्यांतली आठच उरली. नंतरच्या पिढ्यांनी बिग बॉय पाहिले ते संग्रहालयात थंड पडलेले किंवा टेबलावर फिरणारे. मॉडेलांवर 4000 ते 4024 यांतले नंबर घातले जात आणि त्या नंबराचे इंजिन आपल्या डोळ्यांदेखत धावेल असे त्यांच्या मालकांच्या स्वप्नातही नसावे. मग कंपनीने कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या संग्रहालयातून 4014 हे इंजिन परत घेतले, ते दुरुस्त केले आणि 2019च्या मे महिन्यात ते पुन्हा रुळांवर धावले. घरी 4014 असलेल्यांची चंगळ झाली, पण एक बारीक पंचाईतही उभी राहिली. दुरुस्तीत ते इंजिन कोळशाऐवजी तेलावर चालणारे केले गेले होते. ज्यांच्या मॉडेलच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या इंधनाच्या डब्यात, कोळशाचा ढीग चिकटवलेला, त्यांचे मॉडेल 1941चे. ज्यांना 2019चे हवे, त्यांनी तो ढीग खरवडून काढायचा. दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारी माणसे असतात. मला स्वतःला कोळसा राहू द्यावा असे वाटते, कारण इंजिन घडले ते कोळशासाठी.

आपल्याकडे बदलांचा वेग याहून अधिक आहे. मुंबईतली 1500 व्होल्ट डीसी वीज 2016 साली पूर्णपणे संपली, त्यामुळे कल्याण शेडच्या एसी-डीसी अशा दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनाचे मॉडेल आता आपोआप विशिष्ट काळाचे झाले आहे. डेक्कन क्वीनचे डबे 2022च्या जूनमध्ये नवे आले आणि रंगही बदलला. निळ्या-पांढऱ्या डब्यांची माळ ज्यांनी कष्टाने रंगवली, त्यांची गाडी एका रात्रीत ‘जुनी’ ठरली. वाराणसीच्या कारखान्यात तर डिझेल इंजिनांचे रूपांतर करून बनवलेले विद्युत इंजिनच बाहेर पडले, आता त्याचे मूळ कोणते म्हणायचे, हा वाद मॉडेलवाल्यांना वर्षभर पुरेल.

माझ्या त्या स्नेह्यांचे इंजिन अजून पूर्ण झालेले नाही. कर्जतच्या भेटीनंतर ते इंजिन पुनर्बांधणीसाठी गेले आणि परतले ते नंबराच्या शेवटी ‘आर’ हे अक्षर लावून, जसे पुनर्बांधणी झालेल्या इंजिनांना लावतात. रंग वेगळा, आतले यंत्रही सुधारलेले. आता डिकॅलवर ‘आर’ घालायचा की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. घातला तर सगळा रंग उतरवून नव्याने द्यावा लागतो. न घातला तर कर्जतला पाहिलेले इंजिन कायम राहते. मी त्यांना न घालण्याचा सल्ला दिला आहे. ते म्हणाले, “बघू, आधी नव्या रंगाचा छताचा फोटो तरी मिळू दे.”