तुम्ही विचारलंत म्हणून: २००५-०६ ची इटालियन लीग नक्की जिंकलं कोण?

हा प्रश्न मला सारखा येतो. कुणीतरी नव्यानं इटालियन फुटबॉल बघायला लागतं, युव्हेंटसनं लीग किती वेळा जिंकली ते मोजायला जातं आणि अडकतं, कारण इटलीची फुटबॉल फेडरेशन म्हणते ३६, युव्हेंटसवाले म्हणतात ३८, आणि मग मला मेसेज येतो की ताई तुम्ही तर तेव्हा बघत होतात ना, मग सांगा की खरं जिंकलं कोण. तसं एका ओळीत सांगता येतं, कागदावर इंटर आणि मैदानावर युव्हेंटस. युव्हेंटसचे बडे अधिकारी रेफरी नेमणाऱ्यांशी फोनवर बोलायचे हे उघड झालं, स्कँडल झालं, आणि टायटल त्यांच्याकडून काढून इंटरला दिलं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, माझंही होत नाही, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

आधीच सांगून ठेवते, मी रोमा क्लबवाली. म्हणजे युव्हेंटस-इंटरच्या भांडणात मी कुणाच्याच बाजूची नाही, पण तटस्थ आहे असंही म्हणवत नाही, कारण या प्रकरणात आमचा फायदाच झाला.

स्कँडलच्या नादात लोक एक गोष्ट विसरतात, तो सीझन बघायला जबरदस्त होता. कोच कापेल्लोची युव्हेंटस ३८ मॅचमध्ये फक्त एक हरली, ऑक्टोबरमध्ये मिलानकडून सान सिरोवर ३-१, बाकी २७ जिंकल्या आणि १० ड्रॉ, ९१ पॉइंट. कॅनव्हारो, थुराम, व्हिएरा, एमर्सन, नेडव्हेड, इब्राहिमोविच, ट्रेझेगे, आणि डेल पिएरो कितीतरी वेळा बेंचवर, यावरनंच काय ते समजा. मिलान ८८ वर, म्हणजे एरवी आरामात चॅम्पियन झाले असते. फिओरेंटिनाच्या लुका टोनीनं एकट्यानं ३१ गोल मारले आणि युरोपचा गोल्डन शू घेऊन गेला. आणि आमच्या रोमाकडं धड स्ट्रायकर उरला नव्हता म्हणून कोच स्पालेत्तीनं तोत्तीलाच पुढं उभं केलं आणि तो पुढं राहायचाच नाही, खाली यायचा, डिफेंडरला कळायचंच नाही याच्यामागं जायचं का जागा सोडायची नाही, आणि त्या रिकाम्या जागेत मागनं बाकीचे घुसायचे. सलग ११ मॅच जिंकलो, अकरावी तर लाझिओबरोबरची डर्बी, आणि तीसुद्धा तोत्तीशिवाय, कारण आधीच्याच आठवड्यात एम्पोलीच्या मॅचला त्याचा पाय मोडला होता. मला अजून त्या सीझनचं नाव काढलं की आधी हेच आठवतं, फोन-बिन नंतर.

तर आता फोन. मे २००६ मध्ये, लीगच्या शेवटच्या आठवड्यांत, पेपरांत युव्हेंटसचे जनरल डायरेक्टर लुचानो मोज्जी यांचे टॅप केलेले फोन छापून यायला लागले. समोरच्या बाजूला पाइरेत्तो आणि बेर्गामो, म्हणजे कुठल्या मॅचला कुठला रेफरी हे ठरवणारे दोघं. पहिल्यांदा फेडरेशनचे अध्यक्ष फ्रांको कारारोंनी राजीनामा दिला, मग युव्हेंटसचं अख्खं बोर्ड पायउतार झालं, १४ मेला युव्हेंटसनं बारी शहरात रेज्जिनाला २-० हरवून ट्रॉफी घेतली आणि त्याच दिवशी मोज्जी गेले. ट्रॉफी उचलताना एवढे पडलेले चेहरे मी तरी दुसरीकडं कुठं बघितले नाहीत.

इथं आपल्याकडं एक घोळ होतो. फिक्सिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो तो २००० सालचा हॅन्सी क्रोनिए, बुकी, पैसे. तिथंही फोनच टॅप झाले होते, दिल्ली पोलिसांनी केलेले, म्हणून लोक दोन्ही एकाच खात्यात टाकतात. पण मोज्जी प्रकरण सट्ट्याचं नव्हतंच. कुणी खेळाडूला हरायला पैसे दिले असंही नव्हतं. तेव्हा तिकडं रेफरी लॉटरीनं निघायचे, पण थेट सगळ्यांतनं नाही, आधी मॅचचे गट करायचे, तसे रेफरींचे गट करायचे, आणि मग गटातल्या गटात चिठ्ठी काढायची. म्हणजे कुठल्या गटात कोण हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निम्मी लॉटरी. आणि मोज्जी त्या माणसांशी फोनवर असे बोलायचे जणू ते त्यांच्याच पगारावर आहेत. अमुक मॅचला अमका द्या, तमका नको. वर स्विस सिमकार्ड वाटल्याचा आरोप, म्हणजे फोन पकडले जाऊ नयेत. रेज्जिनाकडून हरल्यावर रेफरी पापारेस्ताला ड्रेसिंग रूममध्ये कोंडून घातलं अशी बढाई ते स्वतःच फोनवर मारतात. (खरंच कोंडलं होतं का, तर कोर्टात ते टिकलं नाही, पण बढाई मारावीशी वाटली हेच मला जास्त बोलकं वाटतं.) आणि त्यात त्यांच्या मुलाची खेळाडूंची एजन्सी, जीईए, तिच्याकडं इतक्या क्लबांचे खेळाडू की बाजारसुद्धा घरातलाच.

कोल्हापुरात पेठांच्या मॅच बघत मोठी झालेय, रेफरीच्या नावानं बोंब मारणं मला काही नवीन नाही, हरलेली तालीम रेफरीला बोल लावतेच. पण एरवी तो नुसता संशय असतो, इथं रेकॉर्डिंग होतं.

मग खटला. आणि तो कधी, तर वर्ल्ड कप चालू असताना. बर्लिनला ९ जुलैच्या फायनलमध्ये दोन्ही टीम मिळून युव्हेंटसचे आठ जण खेळले, इटलीचे पाच, फ्रान्सचे तीन. इटली जिंकली, रोममध्ये लाखो लोक रस्त्यावर, आणि पाचव्या दिवशी निकाल आला की युव्हेंटस सेरी बी मध्ये. कप उचलणारा कॅनव्हारो, झिदानचा हेडर अडवणारा बुफॉन, दोघांचाही क्लब खालच्या डिव्हिजनला. फिओरेंटिना आणि लाझिओलाही आधी खाली टाकलं होतं, अपिलात ते वाचले. मिलान, फिओरेंटिना, लाझिओ तिघांचे झालेल्या सीझनमधनं ३०-३० पॉइंट कापले, शिवाय पुढच्या सीझनला मायनसमधनं सुरुवात, रेज्जिनाचाही त्यात नंबर लागला. युव्हेंटसला सेरी बी मध्ये मायनस १७ दिले होते ते ऑक्टोबरपर्यंत मायनस ९ झाले.

आता मुद्द्याचं. छापून आलेले ते फोन, ज्यांच्यावर हा सगळा खटला उभा राहिला, ते २००४-०५ च्या सीझनचे होते. २००५-०६ चे नाही! परत वाचा हवं तर, कारण बऱ्याच जणांना हे सांगितलं की खोटं वाटतं. ज्या सीझनचं टायटल इंटरला गेलं त्या सीझनमधले फोन कुणी ऐकलेच नव्हते. आणि युव्हेंटसची एखादी ठरावीक मॅच फिक्स झाली असंही निकालात सिद्ध धरलेलं नाही, सगळा व्यवहार मिळून टेबलमध्ये गैरफायदा झाला असं धरलं.

मग २००४-०५ च्या टायटलचं काय केलं? काढून घेतलं आणि कुणालाच दिलं नाही. यादीत तिथं आजही कुणाचं नाव नाही. त्या वर्षी पहिली युव्हेंटस ८६ पॉइंट, दुसरी मिलान ७९, तिसरी इंटर ७२. पुढच्या वर्षी पहिली युव्हेंटस ९१, दुसरी मिलान ८८, तिसरी इंटर ७६. तोच क्रम, पहिले दोघं तेच, दोघंही प्रकरणात अडकलेले. एका वर्षाची जागा मोकळी ठेवली आणि दुसऱ्या वर्षाची तिसऱ्या नंबरला देऊन टाकली. तांत्रिक उत्तर आहे याला, २००५-०६ ला युव्हेंटसला थेट शेवटच्या नंबरवर टाकलं म्हणून खालचे आपोआप वर सरकले. पण खाली ढकलणं आणि चॅम्पियन जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की नाही? युरोपात कोण खेळणार याची यादी युएफाला, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेला, जुलैअखेर द्यायची होती, घाई होती, यादी दिली असती, टायटलची काय घाई होती? फेडरेशनवर नेमलेले कमिशनर ग्वीदो रॉसी यांनी तीन तज्ज्ञांचं मत घेतलं आणि २६ जुलैला इंटरला चॅम्पियन केलं. हेच रॉसी नव्वदच्या दशकात इंटरच्या बोर्डावर होते. त्यांनी मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही, माणूस कायद्यातला मोठा, पण अशा वेळी त्यांनी तरी त्या खुर्चीवर बसून ही सही करायला नको होती असं माझं स्पष्ट मत आहे.

वर सरकलेल्यांची गंमत बघा. मैदानात सातवा आलेला किएवो, व्हेरोनाच्या एका छोट्या वस्तीचा क्लब, चौथा झाला आणि चॅम्पियन्स लीगच्या क्वालिफायरला गेला, लेव्हस्की सोफियाकडून हरला आणि त्याच सीझनला रेलिगेट झाला, म्हणजे खालच्या लीगला गेला. मेसिना खाली जाणार होती ती युव्हेंटसमुळं वाचली, पुढच्या वर्षी तळाला जाऊन खाली गेलीच. रोमा पाचवी होती ती दुसरी झाली, चॅम्पियन्स लीगला गेली, क्वार्टर फायनलला पोचली, तिथं ओल्ड ट्रॅफर्डवर ७-१, पुढचं विचारू नका. आणि मिलान? ३० पॉइंट कापूनही क्वालिफायरला पात्र ठरले, तिथनं आत आले आणि मे २००७ ला अथेन्समध्ये लिव्हरपूलला हरवून युरोपचे चॅम्पियन. शिक्षा म्हणायची का याला?

इंटरनं इब्राहिमोविच आणि व्हिएराला युव्हेंटसकडनंच उचललं आणि पुढची चार वर्षं लीग जिंकली, पहिल्याच वर्षी ९७ पॉइंट. त्या टायटलबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती कष्टाची आहेत.

पण २०१० मध्ये नेपल्सच्या खटल्यात मोज्जींच्या वकिलांनी आणखी रेकॉर्डिंग बाहेर काढली आणि त्यात इंटरचे तेव्हाचे अध्यक्ष जाचिंतो फाक्केत्तीही त्याच रेफरी नेमणाऱ्यांशी बोलताना निघाले. फाक्केत्ती सप्टेंबर २००६ लाच गेले, त्यामुळं त्यांची बाजू त्यांना कधी मांडताच आली नाही, आणि गेलेल्या माणसावर असं बोलताना माझा आवाज जरा खालीच येतो. तरी २०११ मध्ये फेडरेशनच्याच प्रॉसिक्युटरनं, स्तेफानो पालाझ्झींनी, लिहून दिलं की इंटरवरही आरोप ठेवण्यासारखं आहे पण मुदत संपली. युव्हेंटसनं टायटल काढून घ्या म्हणून अर्ज केला, फेडरेशन म्हणाली हे आमच्या अधिकारात नाही. २००६ ला द्यायचा अधिकार होता, २०११ ला काढायचा नव्हता.

मग पुढचा प्रश्न हमखास येतो, म्हणजे युव्हेंटसवर अन्याय झाला का? नाही हो. हे युव्हेंटसवाले मला फार ऐकवतात की सगळेच फोन करायचे. करत असतील, पण सगळे सिमकार्ड वाटत नव्हते. सेरी बी ची शिक्षा मला आजही बरोबर वाटते, २००४-०५ चं टायटल गेलं तेही बरोबर, आणि २००५-०६ चंही त्यांच्याकडं राहायला नको होतं, क्लब चालवणारे तेच लोक, एका उन्हाळ्यात सगळे साधू झाले असं कोण मानेल. फक्त ते इंटरकडं जायला नको होतं. तिथंही आधीच्या वर्षासारखी मोकळी जागा हवी होती. दोन वर्षं, दोन मोकळ्या जागा, बघणाऱ्यानं विचारलं तर सांगायचं काय झालं होतं ते. म्हणून मी ३८ म्हणत नाही, युव्हेंटसची ३६ बरोबर आहेत, पण इंटरची मी एक कमी मोजते, त्यावरनं माझी इंटरवाल्यांशी वाजतेच.

मोज्जींना २०११ ला फुटबॉलमधनं आजन्म बाद केलं, नेपल्सच्या कोर्टानं त्याच वर्षी ५ वर्षं ४ महिने सुनावले, अपिलात ते २ वर्षं ४ महिन्यांवर आले, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुख्य आरोप मुदतीत बसत नाही म्हणून शिक्षा रद्द. तोवर युव्हेंटस सेरी बी मधनं वर येऊन, नवं स्टेडियम बांधून, सलग चौथ्या टायटलच्या वाटेवर होती.