साठीनंतर उभं राहायला शिकताना

डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर टी-स्कोअर उणे १.९ आला तेव्हा मी ६१ वर्षांची होते. डॉक्टरांनी नीट समजावलं. उणे १ पर्यंत हाडांची घनता नॉर्मल धरतात, उणे १ ते उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपेनिया (हाडं विरळ व्हायला लागणं) आणि त्याच्याही खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं). कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं हे सगळं त्यांनी लिहून दिलंच, पण उठताना म्हणाले, "हाड ठिसूळ होणं हा अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा म्हणजे पडणं. पडू नये याची तयारी करा." ती तयारी मी योगाच्या वर्गात केली, अजूनही करते आहे. माझ्या वयाच्या कितीतरी जणी "आता कुठे वाकायचं या वयात" म्हणून लांब राहतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या भागातला वर्ग अय्यंगार पद्धतीचा. पुण्याला ही पद्धत परकी नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवायला इथे आले ते इथलेच झाले आणि १९७५ साली त्यांनी पत्नी रमामणी यांच्या नावाने इथे संस्था सुरू केली. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी खंगलेले अय्यंगार गुरुजी नव्वदी ओलांडल्यावरही सराव करत होते, आणि त्या वयात लोड, खुर्ची, दोर यांचा आधार घेऊन आसनात जास्त वेळ राहत होते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आधार घेण्याबद्दलचा माझा सगळा संकोच गळून पडला. आमच्या वर्गातही भिंतीला दोर आहेत, कपाटात लाकडी विटा, पट्टे, घोंगड्या आणि पाठ काढून टाकलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या आहेत. साठीच्या पुढचे आम्ही सगळे त्या बिनदिक्कत वापरतो.

सुरुवात ताडासनाने झाली आणि कितीतरी दिवस ताडासनावरच थांबली. उभं राहायचं, एवढंच. पण शिकवणाऱ्या ताई पायांपाशी खाली बसायच्या आणि विचारायच्या, "काकू, डाव्या पायाचं वजन कुठे आहे?" मला सांगता यायचं नाही. मग त्यांनी मला माझ्या चपला उलट्या करून बघायला लावल्या. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या कडेला पार झिजलेली, उजवी जवळजवळ सपाट. म्हणजे वर्षानुवर्षं मी डाव्या पावलाच्या कडेवर चालत होते आणि त्याचा मला पत्ता नव्हता. पुढचं काम सांगायला सोपं, करायला चिवट: अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेच्या दोन्ही बाजूंना सारखा भार द्यायचा, मग पायाची बोटं उचलून, लांब करून, एकेक सुटी ठेवायची. करंगळी कित्येक दिवस हललीच नाही. "डोळ्यांनी बघू नका, आतून शोधा," असं ताई सांगत. एके दिवशी ती हलली. एवढ्याशा गोष्टीचा किती आनंद झाला!

हे इतकं महत्त्वाचं का, ते मला हळूहळू उमगलं. तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळपाय, सांधे, स्नायू यांच्याकडून मेंदूला सतत जाणारी खबर. वय वाढतं तशी ही तिसरी खबर मंदावते आणि आपण नकळत डोळ्यांवर जास्त विसंबतो. उजेड आहे तोवर चालून जातं. पण रात्री बाथरूमला उठल्यावर, अंधारात, ओल्या फरशीवर डोळ्यांचा उपयोग संपतो आणि सगळी भिस्त पावलांवर येते. घरात दिवा लावायची सोय करावीच (मी केली आहे), पण पावलंही जागी हवीत.

म्हणून वृक्षासन. भिंतीपासून वीतभर अंतरावर उभं राहायचं, एक हात भिंतीला, दुसरा पाय आधी नुसता घोट्यापाशी टेकवायचा. टेकलेला पाय वर किती गेला याला आमच्याकडे किंमत नाही. खालचा पाय काय करतो ते बघायचं. तोल जायला लागला की बोटं जमीन घट्ट पकडतात, जबडा आवळतो आणि श्वास अडकतो. या तिन्ही गोष्टी मी आधी ताडासनात ओळखायला शिकले होते, त्यामुळे वृक्षासनात त्या चटकन हाती लागल्या. बोटं सैल केली की घोटा आपोआप काम करायला लागतो, बारीक बारीक हलत राहतो. ते हलणं म्हणजेच तोल सावरणं.

काही गोष्टी ताईंनी रिपोर्ट वाचून पहिल्याच दिवशी बंद केल्या. पाठ गोल करून पुढे वाकायचं नाही, कारण त्यात मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि विरळ झालेल्या मणक्याला तो सोसत नाही. त्याआधी मी दुसरीकडे एका मोठ्या वर्गाला जात असे. तिथे माझ्या वयाच्या बायकांनाही पश्चिमोत्तानासनात मागून पाठ दाबून देत. आज ते आठवलं की काळजी वाटते. आता मी ओट्यावर हात ठेवून, कंबरेतून वाकून, पाठ लांब ठेवते. बरगड्या उघडण्यासाठी लोडावर किंवा खुर्चीवर आधाराने मागे जाते. शीर्षासन नाही. आमच्याबरोबरच्या एका काकांना काचबिंदू आहे, त्यांना डोकं खाली जाणारी आसनं अजिबात करू देत नाहीत, कारण त्यात डोळ्यांतला दाब वाढतो. एकाच वर्गात प्रत्येकाचं आसन वेगळं असतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो जमिनीवरून उठण्यात. मंगळागौर असो, भजन असो, मी गेली काही वर्षं आधी खुर्ची शोधत होते. खाली बसले तरी उठताना कुणाचा तरी हात लागायचा आणि त्या भीतीने खाली बसणंच सुटलं होतं. ताईंनी उठण्याचं वेगळं शिक्षण दिलं. शवासनातून गुडघे दुमडून उजव्या कुशीवर यायचं, क्षणभर थांबायचं, म्हणजे चक्कर येत नाही. मग डाव्या तळहाताने जमीन दाबून बसतं व्हायचं, हातांवर-गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे आणून खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात ठेवायचे, आणि पुढच्या टाचेने जमीन खाली ढकलत उठायचं. जोर टाचेतून यायला हवा. हातांनी ओढून उठलं की गुडघा कुरकुरतो. पुढे खुर्चीच्या जागी वीट आली, मग वीटही गेली. समजा कधी घरात एकटी असताना पडलेच, तर निदान उठायचा क्रम अंगात मुरलेला आहे, हा दिलासा मला कुठल्याही औषधाइतका वाटतो.

अंगाची ही जाण वर्गापुरती राहिली नाही. पोळ्या लाटताना मी सगळा भार डाव्या पायावर टाकून कंबर बाहेर काढते, हे आता लक्षात येतं आणि पाय आपसूक सरळ होतात. पिशवी घेऊन जिना चढताना मी श्वास रोखून धरत होते. आता पायरीबरोबर सोडते. दुखण्यातला फरकही कळायला लागला. मांडीचा स्नायू ताणला गेल्याचं दुखणं पसरट, कोमट असतं, ते चालतं. सांध्यात सुईसारखं टोचलं की तिथेच थांबायचं आणि ताईंना हाक मारायची.

दोन वर्षांनी डेक्सा पुन्हा केली. आकडा जवळपास तोच आहे. त्याचं श्रेय मी एकट्या योगाला देणार नाही. गोळ्या, आहार, चालणं सगळंच चालू होतं. पण पाय डगमगत नाहीत, हे मात्र या सरावाचंच.

वर्ग लावायचा विचार असेल तर आधी आपले रिपोर्ट घेऊन जा. रक्तदाब, काचबिंदू, हाडांची घनता, गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर ते, सगळं सांगा. ऐकून घेऊन जे शिक्षक त्याप्रमाणे आसन बदलतील त्यांच्याकडेच जा. "सगळ्यांनी हेच करायचं" असं म्हणणाऱ्यांना नमस्कार करून परत या. घरी एक न घसरणारी मॅट, दोन घोंगड्या आणि हलणार नाही अशी खुर्ची पुरते. माझी खुर्ची मी भिंतीला टेकवून ठेवते आणि सकाळी चहाच्या आधी, अनवाणी, तिच्या शेजारी उभी राहते. सध्या ताडासन डोळे मिटून चाललं आहे. वृक्षासन डोळे मिटून करायला ताईंनी अजून परवानगी दिलेली नाही.