दुधाचा हिशेब, पोस्टग्रेस आणि मी

माझं शिक्षण कॉमर्सचं आणि नोकरी दूध संघाच्या हिशेब विभागात. गावोगावच्या संस्थांमधून सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) अशा नोंदी येतात, त्यांना दरपत्रक लागतं, पशुखाद्याची आणि ॲडव्हान्सची कपात होते आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाच्या खात्यावर बिल जमा होतं. हे सगळं पोस्टग्रेएसक्यूएल, थोडक्यात पोस्टग्रेस, नावाच्या डेटाबेसवर चालतं. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचं देखभालीचं कंत्राट संपलं, तेव्हा सर्व्हर आतल्याच माणसाने सांभाळावा असं ठरलं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून रिपोर्ट काढायची मला आधीपासून गोडी होती, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं.

पण क्वेरी लिहिता येणं वेगळं आणि सर्व्हर सांभाळणं वेगळं. पुण्यात आयटीत नोकरी करणारी माझी पुतणी पहिल्याच फोनवर म्हणाली, "काका, कमांड पाठ करू नका. एकच प्रश्न धरून ठेवा. एखाद्या संस्थेच्या सचिवांनी फॅट ४.२ टाकून सेव्ह दाबलं. तो ४.२ या क्षणी नेमका कुठं आहे?"

"अगं, टेबलात. आणखी कुठं?"

"आणि टेबल कुठं आहे?"

या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही व्हिडिओने शिकवलं नाही. जो कुणी या कामात नव्याने उतरतोय त्याने हाच प्रश्न घेऊन बसावं, असं मी आग्रहाने सांगेन.

ऑफिसातला एक जुना पीसी मागून घेतला, त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि पोस्टग्रेएसक्यूएल टाकलं. चालत्या सर्व्हरवर शिकायचं नाही, हा नियम पुतणीने आधीच घालून दिला होता. पोस्टग्रेसमध्ये एक फंक्शन आहे, टेबलाचं नाव दिलं की ते टेबल कुठल्या फाइलमध्ये आहे त्याचा पत्ता देतं. संकलनाच्या टेबलाचं नाव दिलं, तर नुसत्या आकड्यांचं नाव असलेली एक फाइल निघाली. आत ८ केबीची पानं एकापुढे एक. फाइल १ जीबीची झाली की पुढचा मजकूर नव्या फाइलमध्ये. इतकी वर्षं स्क्रीनवर बघत आलेलं टेबल डिस्कवर असं दिसतं, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर मला फार बरं वाटलं. सर्व्हर म्हणजे काही गूढ वस्तू नाही. चालू प्रोसेस आणि फाइली, एवढंच.

आता तो ४.२. सेव्ह दाबल्यावर तो लगेच त्या फाइलमध्ये जात नाही. सर्व्हर आधी मेमरीतल्या पानावर बदल करतो आणि त्या बदलाची नोंद एका वेगळ्या लॉगमध्ये लिहितो. त्याला वॉल म्हणतात, लिहिण्याआधीचा लॉग. ही नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय सचिवांच्या स्क्रीनवर 'सेव्ह झालं' असं येत नाही. टेबलाच्या फाइलमध्ये पान नंतर सवडीने जातं. मेमरीतली बदललेली पानं फाइलमध्ये उतरवण्याच्या कामाला चेकपॉइंट म्हणतात; तो साधारण दर ५ मिनिटांनी होतो, मूळ सेटिंग तेवढीच आहे. हिशेबाच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही: आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी जळाली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा मांडता येते.

हे नुसतं वाचून सोडलं नाही. आमच्याकडे लाइट जाणं रोजचं, म्हणून सराव-मशीनवर एक स्क्रिप्ट लावून भराभर नोंदी टाकायला सुरुवात केली आणि मधेच भिंतीवरचं बटण बंद केलं. पुन्हा चालू करून लॉग उघडला. एक ओळ सांगत होती की डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप रिकव्हरी चालू आहे. मग रिडू (लॉगमधले बदल पुन्हा लावणं) अमुक जागेपासून सुरू, रिडू अमुक जागी संपलं, आणि शेवटी सर्व्हर जोडण्या घ्यायला तयार. स्क्रिप्टने 'कमिट झालं', म्हणजे पक्कं झालं, म्हणून छापलेला शेवटचा क्रमांक आणि टेबलातला शेवटचा क्रमांक जुळवून पाहिला. जुळला. त्या दिवसापासून वेग वाढवण्यासाठी 'एफसिंक बंद करा' असा सल्ला कुणी दिला की मी तिथेच थांबवतो. ती सेटिंग बंद केली तर डिस्कवर पक्कं झाल्याची खात्रीच जाते, आणि वीज गेल्यावर पूर्ण डेटाबेस बिघडू शकतो.

मेमरीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात लोक उगाच अडकतात. शेअर्ड बफर, म्हणजे टेबलांची पानं ठेवायची सामायिक मेमरी, मुळात १२८ एमबी असते; फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशीनवर रॅमच्या पाव हिश्शापासून सुरुवात करावी, असं अधिकृत मार्गदर्शन आहे. आम्ही तसं केलं आणि पुढे गेलो. वर्क-मेम, म्हणजे क्वेरीच्या कामाला दिलेली मेमरी, मात्र जपून वाढवावी. ती एका जोडणीला एकदा मिळते असं नाही. एकाच क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावणं), प्रत्येक हॅशला (जुळवणीचा तक्ता) वेगळी लागू शकते.

पुढचा धडा दरफरकाने दिला. संघाने मागच्या तारखेपासून दर वाढवून दिले, त्यामुळे त्या काळातल्या सगळ्या ओळी अपडेट झाल्या. ओळींची संख्या तीच, पण टेबलाचा आकार भलताच वाढला. इथे पुन्हा पुतणीचा प्रश्न: जुना दर कुठं आहे? तर तो तिथेच आहे. पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ पुसत नाही; नवी लिहितो आणि जुनी मागे ठेवतो, म्हणजे त्याच वेळी रिपोर्ट काढणाऱ्याला त्याचं जुनं चित्र अखंड दिसत राहतं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली पोस्टग्रेस प्रकल्प सुरू केला, तेव्हाच जुन्या ओळीवर न लिहिण्याची कल्पना त्यात होती. एसक्यूएल, म्हणजे क्वेरी लिहायची भाषा, त्यात नंतर आली आणि आजचं नाव १९९६ साली. आमच्या फुगलेल्या टेबलाचं मूळ इतक्या मागे सापडेल असं वाटलं नव्हतं.

त्या मेलेल्या ओळींची जागा पुन्हा वापरात आणणं हे व्हॅक्यूमचं काम. ऑटोव्हॅक्यूम ते आपोआप करतो, पण कधी? मूळ हिशेब असा: ५० अधिक टेबलातल्या ओळींचे २० टक्के, इतक्या ओळी मेल्या की. १ कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे २० लाख ओळी मरेपर्यंत तो हलणार नाही. म्हणून संकलनाच्या टेबलापुरता तो टक्का कमी केला. साध्या व्हॅक्यूमने फाइल सहसा लहान होत नाही, आतली जागा फक्त मोकळी होते. फाइल खरंच लहान करायची तर व्हॅक्यूम फुल आहे, पण ते चालू असेपर्यंत त्या टेबलात कुणाला वाचताही येत नाही. सकाळचं संकलन चालू असताना ते चालवणं म्हणजे सगळ्या संस्था अडवून धरणं.

अडवणुकीवरून बिलाच्या दिवसाची गोष्ट सांगायला हवी. दुपारी अचानक सगळीकडून फोन: नोंद सेव्ह होत नाही, स्क्रीन फिरत राहते. सर्व्हरचा सीपीयू निवांत, डिस्कला काम नाही. पूर्वी अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट करायची पद्धत होती. मी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडलं. हा व्ह्यू, म्हणजे टेबलासारखा दिसणारा तक्ता, प्रत्येक जोडणी या क्षणी काय करतेय ते दाखवतो: कुठली क्वेरी, ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारा कामांचा गट) कधी सुरू झालं, कशाची वाट बघतेय. खाली डझनावारी जोडण्या, सगळ्या लॉकची, म्हणजे टेबल वापरण्याच्या हक्काची, वाट बघत. त्यांच्या वर एक आल्टर टेबल, नव्या कपातीसाठी कॉलम वाढवण्याचं, तेही वाटच बघत. आणि सगळ्यांत वर एक जोडणी, स्थिती 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, काम काही नाही), सकाळपासून उघडी. कुणीतरी एक रिपोर्ट उघडून मशीन तसंच सोडलं होतं आणि सॉफ्टवेअरने ट्रान्झॅक्शन बंद केलं नव्हतं.

म्हणजे साखळी अशी. रिपोर्टचं लॉक अगदी हलकं, एरवी कुणाला नडत नाही. पण आल्टरला टेबल पूर्ण मोकळं लागतं, म्हणून ते रिपोर्टच्या मागे थांबलं. आणि आल्टर रांगेत उभं राहिल्यावर त्याच्या मागून आलेल्या साध्या नोंदीसुद्धा त्याच्या मागे थांबल्या. कोण कुणाला अडवतंय हे पीजी-ब्लॉकिंग-पिड्स या फंक्शनने पक्कं केलं, ती एक जोडणी पीजी-टर्मिनेट-बॅकएंडने तोडली, आणि बघता बघता सगळी रांग मोकळी झाली. रीस्टार्ट केला असता तर बाकीच्यांची अर्धी कामंही तुटली असती. आता ट्रान्झॅक्शन उघडं टाकून बसलेली जोडणी दहा मिनिटांनी आपोआप तुटते, ती सेटिंग मुळात बंद असते. आणि आल्टर चालवण्याआधी लॉक-टाइमआउट लावतोच: लॉक लगेच मिळालं नाही तर आल्टरने मागे यावं, सगळ्यांना थांबवू नये.

परवानग्यांचं फार सांगत नाही. पीजी-एचबीए नावाच्या फाइलमध्ये कुठून कुणी यायचं ते लिहिलेलं असतं. ती वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिल्यांदा जुळते तीच लागू. तिथे पासवर्ड चुकला तर सर्व्हर पुढची ओळ बघत नाही. हे कळलं की 'सगळं बरोबर आहे तरी जोडत नाही' हे कोडं बहुधा सुटतं. रिपोर्टवाल्यांना फक्त वाचायची वेगळी रोल (डेटाबेसमधलं युजर-खातं), आणि पोस्टग्रेस जोडण्या घेतो तो ५४३२ हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवायचा नाही.

आता बॅकअप. या कामात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत घडलेलं शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. त्यांच्या इंजिनिअरकडून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप होताच, असं सगळे धरून चालले होते. पण डेटाबेसची प्रत काढणारा पीजी-डंप ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि सर्व्हर ९.६ चा, स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप तो घेतच नाही. तो रोज अपयशी होत होता आणि तसं सांगणारे ईमेल पोचत नव्हते. योगायोगाने कुणीतरी साधारण सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत) सापडला म्हणून निभावलं. तेवढ्या तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

हे वाचून मी आमचा बॅकअप बघायला गेलो. डंप रोज निघत होता, पण त्याच डिस्कवर. आणि पीजी-डंप एका डेटाबेसपुरता असतो. युजर, पासवर्ड म्हणजे रोल्स त्यात येत नाहीत, ते पीजी-डंप-ऑलने वेगळे घ्यावे लागतात. नव्या मशीनवर रिस्टोर करून बघितल्याशिवाय हे ध्यानात येत नाही. आता रात्रीचा डंप दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जातो, तिथे आपोआप रिस्टोर होतो, आणि मी सकाळी आल्यावर दोन्हीकडच्या गेल्या बिलाचे एकूण लिटर आणि एकूण रक्कम ताडून बघतो. फाइल आहे म्हणून मी समाधान मानत नाही. रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे.

तरी एक भोक उरतं. रात्रीचा डंप आणि दुपारचा अपघात यांच्यामधल्या नोंदींचं काय? सकाळचं संकलन कुठं आहे? उत्तर पुन्हा वॉलमध्ये. पीजी-बेसबॅकअपने पूर्ण प्रत घ्यायची आणि त्यानंतरच्या १६ एमबीच्या वॉल फाइली एकामागून एक दुसऱ्या मशीनवर पाठवत राहायचं. मग हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाता येतं. सराव-मशीनवर मुद्दाम टेबल उडवलं, घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली, आणि त्याच्या एक मिनिट आधीची वेळ देऊन रिकव्हरी चालवली. सर्व्हर एकेक वॉल फाइल मागत लावत गेला आणि त्या वेळेवर थांबला. टेबल जागेवर, सकाळचं दूध जागेवर. मी लगेच पुतणीला फोन लावला. तीही तेवढीच खूश झाली.

मराठी नावांचं राहिलं. आमची बँक-यादी नावांच्या क्रमाने लागते. डेटाबेस बनवताना लोकेल, म्हणजे भाषेच्या नियमांची निवड, 'सी' ठेवलं असेल तर अक्षरं युनिकोड (अक्षरांना क्रमांक देणारं मानक) यातल्या क्रमांकाने लागतात, आणि तिथे ळ हा लच्या लगेच पुढे आहे. त्यामुळे बाळासाहेब आधी आणि बाहुबली नंतर. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर. 'ॲ'ची गत आणखी वेगळी: त्याचा क्रमांक इतका पुढे आहे की ॲने सुरू होणारी नावं हच्याही खाली जातात. आयसीयू या लायब्ररीत मराठीचे क्रमाचे नियम आहेत. त्यांचं कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, नावाच्या कॉलमला लावलं आणि यादी वर्णमालेप्रमाणे लागली.

याच विषयात एक खरा धोकाही आहे. क्रमाचे नियम ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीतून येत असतील आणि ती लायब्ररी बदलली, तर जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स, म्हणजे ओळी शोधायची सूची, चुकीचा ठरतो. २०१८ साली आलेल्या लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने बऱ्याच जणांना हा त्रास दिला. ओळ टेबलात असते, पण इंडेक्सवरून शोधली की सापडत नाही. पोस्टग्रेसच्या मुख्य आवृत्तीला सुधारणा पाच वर्षंच मिळतात आणि आमच्या आवृत्तीची मुदत जवळ आली आहे, उबुंटूही त्याबरोबर बदलायचं आहे. त्यामुळे बदल झाल्यावर मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधायचे, हे यादीत वरती लिहिलंय. सध्या त्याची तालीम त्या जुन्या पीसीवर चालू आहे, आणि बिलाची तारीख टाळून एखादी रात्र ठरवायची आहे.