जुन्या टी-शर्टांचा अंगाबरोबर बसणारा टॉप

बेळगावात गणेशोत्सवासाठी किंवा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी मंडळे टी-शर्ट छापून घेतात आणि सण सरला की ते कपाटाच्या तळाशी साठत जातात. जुन्या सुती साड्यांची वाकळ होते, पण टी-शर्टाचे ताणणारे कापड वाकळेच्या धावत्या टाक्यांत गोळा होते, म्हणून त्याची शेवटी फरशी पुसण्याकडे रवानगी होते. अशा दोन टी-शर्टांचा अंगाबरोबर बसणारा टॉप छान होतो. मात्र त्यासाठी ब्लाउज शिवण्याची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते.

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या मागांवरचे कापड ताण्या-बाण्याचे, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचे असते व सरळ रेषेत ते फारसे ताणत नाही, म्हणूनच ब्लाउजला टक्स (आकारासाठी शिवलेल्या चिमट्या), कटोरी (छातीचा वाटीसारखा भाग) आणि हूक यांची गरज पडते. टी-शर्टाचे कापड धाग्याचे फास एकमेकांत ओवून तयार होते. ते आडवे अधिक व उभे कमी ताणते, आणि फिटिंगचे काम टक्सऐवजी हा ताणच करतो. त्यामुळे छातीच्या मापात सैलपणा मिळवायचा नसतो, तर माप कमी करायचे असते: छाती ३६ इंच असेल, तर तयार टॉप ३३ ते ३४ इंचांचा ठेवावा. माझ्या मते सारी गोम इथेच आहे. कात्री लावण्यापूर्वी आडव्या दिशेने ४ इंच कापड चिमटीत धरून ५ इंचांपर्यंत ताणून पाहावे. सोडल्यावर ते पुन्हा ४ इंचांवर आले, तर अंगासाठी घ्यावे. सैल पडून राहिले, तर त्याच्या बाह्या कराव्यात.

मोठ्या टी-शर्टातून पुढचा-मागचा भाग आणि दुसऱ्यातून कुशीच्या उभ्या पट्ट्या काढल्या, तर रंगसंगतीही साधते. कापडाचा आडवा ताण अंगाभोवती येईल असेच सर्व भाग मांडावेत. मंडळाच्या नावाचा जाड रबरी छाप ताणत नाही, त्यामुळे तो छातीवर किंवा कमरेवर न घेता पाठीच्या वरच्या भागात घ्यावा, आणि त्यावर थेट इस्त्री मुळीच फिरवू नये. मूळची खालची दुमड तशीच राखली, तर एक किचकट काम वाचते.

सुई बोलपॉइंटच हवी. तिचे टोक गोलसर असल्याने ती फासांमधून वाट काढते; साध्या टोकदार सुईने फास तुटून उभी रेघ उसवत जाण्याची भीती असते. धागा पॉलिएस्टरचा घ्यावा आणि टाका अरुंद झिगझॅग ठेवावा. पायाने चालवायच्या जुन्या मशिनवर सरळ टाकाच पडतो; तेथे कुशीची शिवण घालताना कापड हलके ताणून धरावे, नाहीतर टॉप डोक्यातून घालतानाच टाके तुटतात. खांदा मात्र ताणता कामा नये, म्हणून त्या शिवणीत सुती कापडाची बारीक पट्टी घालावी.

गळपट्टी गळ्याच्या घेरापेक्षा सुमारे १५ टक्के आखूड असावी, म्हणजे २४ इंच घेराला सुमारे साडेवीस इंच आणि वर शिवणीचा दाब, म्हणजे शिवणीत जाणारे जास्तीचे कापड. पट्टी आणि गळा यांचे चार समान भाग करून टाचण्या लावाव्यात आणि शिवताना पट्टीच तेवढी ताणावी, गळा ताणू नये. तरीही शिवणीला लाट आलीच, तर बहुधा वाफेच्या इस्त्रीने ती बसते.