क्रूझ कंट्रोल, बायपासची कोंडी आणि माझे ब्रेक पॅड

"दाजी, सगळा रस्ता ब्रेकवर पाय ठेवूनच आलात का?" साताऱ्याहून धायरीला घरी पोचल्या पोचल्या मेहुण्याने विचारलं. तो त्याच्या गाडीतून माझ्या मागेच होता. खंबाटकीचा बोगदा सोडल्यापासून माझ्या गाडीचे मागचे लाल दिवे सारखे पेटत-विझत होते म्हणाला. मी तर खेड-शिवापूरचा टोलनाका सोडला तर ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल चालू होतं, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत गाडी स्वतःच वेग वाढवते आणि ब्रेक लावते ती सोय.

तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. दोन आठवड्यांनी पुढच्या चाकातून बारीक चिरका आवाज यायला लागला, तेव्हा त्याचं बोलणं आठवलं.

गाडी २६,१०० किलोमीटर चालली होती. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, पुढचे ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारे) ३ मिलिमीटर उरलेत, बदलावे लागतील. नवे असताना ते ११ मिलिमीटर असतात. माझ्या आधीच्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीचे पॅड ह्याच रस्त्यावर ६० हजारांच्या वर गेले होते. "तुमची चालवायची सवय तशी असेल," असं उत्तर मिळालं आणि सोबत पुढच्या डिस्कही बदलून घ्या म्हणाले. क्रूझ कंट्रोलमुळे हे होऊ शकतं का, असं मी तीनदा विचारलं. त्यावर कोणी काही बोलेना. मला त्याचं वाईट वाटलं, कारण गाडी विकताना ह्याच सोयीबद्दल तासभर बोलले होते.

मी गाडी तशीच वडगावला जुन्या मेकॅनिककडे नेली. त्याने व्हर्निअर लावून डिस्क मोजली, २४.१ मिलिमीटर भरली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. माझ्या डिस्कवर ती २२ होती. म्हणजे डिस्क बदलायची काही गरजच नव्हती. नवीन पॅड टाकणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा स्वतः वाचावा, असं मला मनापासून वाटतं. मग त्याने मागची चाकं काढली आणि थबकला. मागचे पॅडही जवळजवळ पुढच्यांइतकेच झिजले होते. एरवी जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि पुढचे पॅड आधी संपतात. इथे तसं झालं नव्हतं. "हळू-हळू पण सारखे ब्रेक लागलेत," तो म्हणाला. "पाय असता तर असे झिजले नसते."

क्रूझ सोडून द्यायचं हा माझ्यासाठी सोपा उपाय नव्हता. माझा ऑफिसचा रस्ता पुण्याच्या बायपासवरून जातो: नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड, मग हिंजवडी. रोज जायचे २३ आणि यायचे २३ किलोमीटर. माझ्या उजव्या घोट्याला जुनी दुखापत आहे, त्यासाठीच मी ही गाडी घेतली. गाडी स्वतः थांबते, पुढचा निघाला की स्वतः निघते. पहिल्या महिन्यात संध्याकाळी घोटा शेकायची गरज पडली नाही, ह्याचं मोल मला माहीत आहे. म्हणून आधी नीट समजून घ्यायचं ठरवलं.

मीटरवर गाडीचं छोटं चित्र असतं आणि ब्रेक लागला की त्या चित्राचे मागचे दिवे लाल होतात. मुलगी शेजारी बसून जायची, तिला मोजायला सांगितलं. वारजे पूल ते चांदणी चौक, सकाळी नऊच्या गर्दीत क्रूझवर ६१ वेळा दिवे लागले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी स्वतः चालवलं, ३४ वेळा.

फरक कुठे पडतो ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. मी चालवताना पुढची एकच गाडी बघत नाही. चार गाड्यांपुढच्या टेम्पोचे दिवे लाल झाले की माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उठतो, गाडी आपसूक मंदावते आणि बऱ्याचदा ब्रेकची वेळच येत नाही. माझ्या गाडीचा रडार पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग मोजतो, त्यापलीकडच्या कोंडीचा त्याला पत्ता नसतो. पुढची गाडी दहा फूट सरकली की तो ठरलेलं अंतर राखायला लगेच उचल घेतो आणि ती थांबली की ब्रेक लावतो. मी तेवढ्या जागेसाठी गाडी हलवलीच नसती. त्यात बायपासवर मध्ये जागा दिसली की दुचाकी घुसते, मग रिक्षा. प्रत्येक घुसणाऱ्यामागे एक ब्रेक. मी अंतराच्या चारही पायऱ्या लावून पाहिल्या. कोंडीत सगळ्यात मोठं अंतर ठेवलं तर घुसणारे वाढतात, सगळ्यात कमी ठेवलं तर ब्रेक जोरात लागतात.

ह्या ब्रेकमध्ये किती ऊर्जा जाते, ते एका रविवारी मी वहीत मांडलं. माणसांसकट गाडी १,५०० किलोची धरली. ताशी ८० वरून पूर्ण थांबायचं तर सुमारे ३७० किलोज्यूल उष्णता होते, आणि त्यातली बहुतेक ब्रेकमध्ये जाते. तेवढ्यात एक लिटर पाण्याला उकळी फुटेल. ४० वरून थांबलं तर ह्याच्या चौथा भाग. कोंडीतला एकेक ब्रेक छोटा असतो, पण तो दिवसातून शेकडो वेळा लागतो.

मग सातारा रस्ता. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सरळ उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ह्याच उतारावर एका अवजड वाहनाने बऱ्याच गाड्यांना धडक दिली होती. तिथे मी ६० वर क्रूझ लावून निवांत बसायचो. वेग ६० च राहायचा, पण तो ब्रेक धरून राखलेला होता आणि पायाला पेडल लागत नसल्यामुळे मला ते कळतही नव्हतं. एकदा खाली आल्यावर सेवा रस्त्याला थांबून चाकाजवळ वाकलो, तर जळका वास येत होता. माझ्या डोक्यात हा प्रश्न खरं तर तिथे पक्का बसला. पैसे जातात ते ठीक, पण उतारावर तापलेले ब्रेक ऐन वेळी कमी पडले तर? आता बोगद्याच्या आतच क्रूझ बंद करतो आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर तिसऱ्यावर आणतो. इंजिन थोडं ओरडतं. ओरडू दे.

नवीन पॅड टाकल्यावर आम्ही मोजमाप ठेवलं. पहिले तीन महिने क्रूझ पूर्वीसारखंच, कोंडीतही. साधारण ३,५०० किलोमीटरमध्ये पुढचे पॅड ११ वरून ९.९ वर आले. पुढचे तीन महिने कोंडीत आणि उतारावर बंद, मोकळ्या हायवेवर चालू. तेवढ्याच अंतरात ९.९ वरून ९.२. एका गाडीचं माप आहे, पॅड नवे होते, मधे पावसाळाही आला, हे मान्य. तरी माझ्यापुरतं मला उत्तर मिळालं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीची इलेक्ट्रिक गाडी आहे. ती हेच सगळं क्रूझवर करते, तरी तिचे पॅड नव्यासारखे आहेत. तिच्या गाडीत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. पॅडपर्यंत फार थोडं पोचतं. माझ्या पेट्रोल गाडीला ती सोय नाही.

मोकळ्या हायवेवर मात्र मी क्रूझ आजही आनंदाने लावतो. अंतर सगळ्यात मोठं आणि मोड इकोचा. इकोत माझी गाडी उचल संथ घेते, त्यामुळे मागाहून ब्रेकही कमी लागतात. कोंडीत घोटा फार दुखला तर वारजे ते चांदणी चौक एवढाच टप्पा लावतो. दोन वर्षं झाली म्हणून ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि मग उतारावर तापलं की लवकर उकळतं.

मागच्या शनिवारी गाडी ३५,६०० वर असताना वडगावला पुन्हा चाकं काढली. पुढे ८.७, आणि ह्या वेळी मागचे पुढच्यांपेक्षा जाड.