टाकीत प्रोपेन किती उरला, हे वजनावरून कळते

प्रोपेनची टाकी हलवून किंवा तिच्यावर टिचकी मारून आतल्या गॅसचा अंदाज बांधण्याची सवय मी सोडून दिली आहे. या कामी मी दाबमापकावरही विसंबत नाही, कारण आत द्रवरूप प्रोपेन थोडा जरी शिल्लक असला, तरी दाब तापमानानुसारच ठरतो आणि द्रव संपत येईपर्यंत काटा काहीच सांगत नाही.

रिकाम्या टाकीचे वजन तिच्या झडपेभोवतीच्या कड्यावर ‘टी. डब्ल्यू.’ या अक्षरांपुढे कोरलेले असते. माझ्या टाकीवर ते रंगाखाली बुजले होते; ओल्या फडक्याने पुसून विजेरी तिरपी धरली, तेव्हा ७.७ किलो हा आकडा उमटला. झडप बंद करून, रेग्युलेटर आणि नळी काढून टाकी वजनकाट्यावर ठेवली, तर वजन १२.२ किलो भरले. म्हणजे आत साडेचार किलो प्रोपेन होता. टाकीची क्षमता सुमारे ९ किलो आहे, तेव्हा ती निम्मी भरलेली होती. (उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, म्हणून ‘पूर्ण’ भरतानाही सुमारे २० टक्के जागा मोकळी ठेवतात.) एक किलो प्रोपेनपासून साधारण १३ ते १४ किलोवॅट-तास उष्णता मिळते, त्या हिशेबाने ३ किलोवॅटची शेगडी अजून सुमारे २० तास चालेल.